कापड सगळ्यात शेवटी

रेक्झिनच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न रंगाचा येतो. उल्हासनगरला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रंगाचं मीच सुरू केलं. गाडीच्या सीटचा तपकिरी रंग मोबाइलमधल्या फोटोत दाखवत होतो. गल्ल्यावर बसलेल्या वयस्कर सिंधी शेठनी फोटोकडे न बघताच विचारलं, "सीट खोला क्या?" नाही म्हणालो. "पहले खोल के देखो, साईं. कपडा बाद में." खिशात पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती परत पाठवणारा दुकानदार मला फार वेळा भेटलेला नाही. त्यांचं ते वाक्य ऐकून मी घरी गेलो नसतो, तर महागाचं रेक्झिन आणून तुटक्या स्प्रिंगांवर ताणून बसवलं असतं.

सीट खालून वर बांधली जाते. आधी सांगाडा, मग स्प्रिंग, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या किंवा फोम, आणि कापड सगळ्यात शेवटी. बघणाऱ्याला कापड दिसतं, पण बसणारा बसलेला असतो खालच्या चार थरांवर. जुन्या गाडीची सीट घरी करायला घेणारे बहुतेक जण वरून सुरुवात करतात आणि सहा महिन्यांत पुन्हा झोळ पडला म्हणून हळहळतात.

माझी गाडी प्रीमियर पद्मिनी. ही गाडी आमच्याच रेल्वेमार्गावर जन्मली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे नव्वदच्या दशकात डोंबिवलीजवळच्या कारखान्यातून याच कंपनीची प्यूजो ३०९ बाहेर पडली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा म्हणजे पद्मिनीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून ठिकठिकाणी जपलेल्या दिसतात. इंजिनाचा मेकॅनिक शोधून सापडतो, पत्रा ठोकणारा सापडतो. सीटसाठी गेलं की तयार कव्हर चढवून देतो म्हणतात. कव्हर चढवणं आणि सीट करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन स्टेशनं एकामागोमाग येतात. सीट करणाऱ्याला लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट या टापूत मिळते. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातला लष्कराचा तळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना सरकारने त्या बराकींमध्ये जागा दिली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. आजही पत्त्यात बराक नंबर लिहितात आणि रिक्षावाला "तीन नंबर की पाच नंबर?" असंच विचारतो, म्हणजे कॅम्प कितवा. घरदार सोडून आलेल्या माणसांनी इथे हाताला मिळेल तो धंदा उभा केला. फर्निचर, कापड, आणि नंतर जीन्स. 'मेड इन यूएसए'मधल्या यूएसएचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्यांनी ऐकलेला असतो. मला तो कधीच आवडला नाही. जाड कापड सरळ आणि मजबूत शिवणारे इतके हात एका गावात क्वचित सापडतात, आणि तो विनोद सांगणाऱ्याने ते हात पाहिलेले नसतात.

आता सीट उघडू या.

पुढची सीट सहसा चार बोल्टांवर जमिनीला धरलेली असते. जुन्या गाडीत ते गंजलेले असतात, म्हणून आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. सकाळी पाना पूर्ण बसवून, झटका न देता जोर लावायचा. अर्धवट बसलेल्या पान्याने बोल्टाचं डोकं गोल झालं की अख्खा दिवस त्यातच जातो. काढलेला प्रत्येक बोल्ट कुठला, हे लिहून वेगळ्या पिशवीत ठेवायचा. डोक्यावर ८.८ असं कोरलेलं दिसलं तर त्याचा अर्थ असा: पहिला ८ सांगतो की तुटण्याआधी तो बोल्ट दर चौरस मिलिमीटरला किमान ८०० न्यूटन, म्हणजे साधारण ८० किलो वजनाइतका, ताण सोसतो, आणि दुसरा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबत नाही. बोल्ट बदलायची वेळ आली तर याच दर्जाचा आणायचा. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही चकचकीत बोल्ट इथे चालत नाही. धडक बसते तेव्हा माणसासकट सीट धरून ठेवायची जबाबदारी या चारांवर असते.

एक इशारा इथेच देतो. तुमची गाडी इतकी जुनी नसेल आणि सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी असेल, तर या प्रकरणातलं काहीही त्या सीटवर करू नका. ती पिशवी ठरलेल्या कमकुवत शिवणीतूनच बाहेर पडते. घरी घातलेली मजबूत शिवण तिला अडवेल.

सीट बाहेर आली की उसवायच्या आधी फोटो काढा. वरून, खालून, चारही बाजूंनी. कापड सांगाड्याला कसं अडकवलंय, कुठली तार कुठल्या बाजूने गेलीय, तारेच्या कड्या किती अंतरावर आहेत, हे नंतर आठवत नाही. मग प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घाला आणि पुढच्या बाजूला बाण काढा. त्यानंतरच शिवण उसवायची. जुनं कव्हर कितीही फाटलेलं असलं तरी टाकायचं नाही. कारखान्यात कुणीतरी विचारपूर्वक बेतलेलं ते कापड आहे, आणि तुमचा पुढचा सगळा नकाशा त्याच्यातूनच निघणार आहे.

माझ्या गाडीच्या ड्रायव्हर सीटखाली मला साखरेच्या पोत्याचं गोणपाट सापडलं. त्यावर निळ्या शाईतली अक्षरं अर्धवट दिसत होती. म्हणजे ही सीट माझ्या आधी कुणीतरी एकदा केली होती, आणि नीट केली होती. गोणपाट स्प्रिंगांना सुतळीने दाभणाचे टाके घालून शिवलेलं होतं, वीतभर अंतरावर एकेक गाठ. फक्त उजव्या कडेच्या गाठी सुटल्या होत्या. गाडीत चढता-उतरताना माणूस त्या कडेवर घसरतो, त्यामुळे तीच बाजू आधी जाते. सीट एका अंगाला झुकली की कंबर रोज तेवढीच वाकडी राहते. मला वाटायचं माझी पाठ वयामुळे दुखते.

स्प्रिंग दोन प्रकारच्या दिसतात: वेटोळ्याच्या आणि नागमोडी. नागमोडी म्हणजे जाड तार सापासारखी वळवून दोन टोकांना क्लिपमध्ये अडकवलेली. ही स्प्रिंग मधे क्वचितच तुटते. ती टोकाशी, क्लिपपाशी तुटते, कारण तिथे तार पत्र्यावर घासत राहते. बसताना येणारं कुरकुर वाजणं तिथलंच असतं. क्लिपमध्ये जाड कापडाचा किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला की आवाज जातो आणि तारही टिकते. तुटलेल्या स्प्रिंगला वेल्डिंग करू नका. उष्णतेने पोलादाचा तो लवचीकपणा निघून जातो आणि जोडाशेजारी ती पुन्हा तुटते. तेवढ्याच जाडीची दुसरी स्प्रिंग बसवायची.

सांगाड्याचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून रेड ऑक्साइड मारला तरी काम भागतं. मी मात्र सांगाडा अंबरनाथच्या एमआयडीसीत पावडर कोटिंग करणाऱ्या एका लहान शेडमध्ये नेला. यात कोरडी रंगाची भुकटी विद्युतभाराने धातूला चिकटवतात आणि मग भट्टीत वितळवतात, त्यामुळे रंगाचा सलग थर बसतो. आमच्याकडच्या पावसात हा खर्च वाया जात नाही.

पावसाचा विषय निघालाच आहे, तर पुराचंही सांगतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, हे देशभर दाखवलं गेलं. त्याच पाण्यात नदीकाठच्या वस्त्यांमधल्या कितीतरी गाड्या उभ्या जागी बुडाल्या, ते कुणी दाखवलं नाही. फोम हा स्पंज आहे. वरचं कापड दोन दिवसांत वाळतं, हाताला कोरडं लागतं, आणि आत आठवडाभर पाणी मुरत राहतं. मग बुरशी धरते, वास येतो, स्प्रिंग गंजते. पुरात भिजलेली सीट दुसऱ्या दिवशीच उघडून फोम वेगळा करायला हवा. उन्हात ठेवलेली बंद सीट वाळत नाही, उबते. आणि या भागात जुनी गाडी विकत घेणार असाल तर मागच्या सीटची बैठक उचलून खाली बघा. स्प्रिंगांच्या वळणात आणि गोणपाटाच्या विणीत मऊ गाळ साचलेला असेल, तर ती गाडी पाण्यात गेली होती. बाहेरून कितीही धुतली तरी तो गाळ तिथून जात नाही.

गोणपाटाच्या वरचा थर जुन्या गाड्यांमध्ये काथ्याचा असायचा. नारळाच्या सोडणाचे तंतू कुरळे करून, त्यावर रबराचा चीक फवारून, उष्णतेने पक्के करून त्याच्या गाद्या बनवतात. हा थर हवा खेळती ठेवतो आणि स्प्रिंगांची टोकं वरच्या मऊ थरात घुसू देत नाही. माझा काथ्या हातात घेतल्यावर तपकिरी भुगा होऊन सांडला. रबर वाळून गेलं होतं. अशा वेळी सगळा थर फोमचाच करावा असं सुचवणारे भेटतात. माझं मत वेगळं आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत खाली एक इंच काथ्या आणि वर फोम ही जोडी सर्वात चांगली. काथ्याची शीट गादीवाल्यांकडे सहज मिळते.

फोम म्हणजे पॉलियुरेथेन. हे रसायन १९३७ मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुझेन इथे ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलं. मऊ फोम त्यानंतर पंधरा-वीस वर्षांत फर्निचरमध्ये आणि गाड्यांत आला. आपल्याकडे फोम 'डेन्सिटी'वर विकला जातो आणि सर्वात जास्त गोंधळ याच शब्दाचा आहे. ३२ डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ३२ किलो, एवढंच. तो कडक आहे की मऊ, हे त्या आकड्यात नसतं. मऊ ४० आणि कडक ४० असे दोन्ही फोम असतात. डेन्सिटी सांगते तो किती वर्षं टिकेल. कडकपणा सांगतो तो किती दबेल. घरातल्या सोफ्याला जी डेन्सिटी चालते ती गाडीला चालत नाही, कारण गाडीची सीट बसलेल्या माणसाखाली तासन्‌तास थरथरत असते. बैठकीला ४०, पाठीला ३२, असं मी धरतो.

दुकानदार म्हणतो ती डेन्सिटी खरी का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, वजनकाटा पुरतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन इंच जाड तुकडा घ्या. तो ३२ चा असेल तर त्याचं वजन सुमारे ९०० ग्रॅम भरलं पाहिजे, आणि ४० चा असेल तर ११३० ग्रॅमच्या आसपास. साडेसहाशे ग्रॅम भरला तर तो २३ चा आहे. अर्थात, वजन वाढवण्यासाठी फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळण्याची युक्तीही आहे. असा फोम अंगठ्याने जोरात चोळला की चुरा होतो आणि बोटाला पांढरं लागतं. नमुन्याचा तुकडा घरी आणून रात्रभर जड पाट्याखाली दाबून ठेवा. सकाळी तो पहिल्या जाडीला परत येत नसेल तर तुमची सीटही येणार नाही.

जाडी वाढवायचा मोह होतो. जुन्या सीटवर बसून बसून आपण खाली गेलेलो असतो, तेव्हा भरपूर फोम म्हणजे आराम असं वाटतं. पण दोन इंच उंच बसलं की डोकं छताला लागतं, आरसे चुकतात, पायाचा कोन बदलतो आणि क्लचवर पाय वरून पडू लागतो. पुढच्या कडेला फोम जास्त झाला तर मांडीखालच्या शिरा दाबल्या जातात आणि कर्जतपर्यंत जाईस्तोवर पायाला मुंग्या येतात. मूळ उंची किती होती हे फारशा न वापरलेल्या सीटवरून कळतं. माझ्या गाडीत ती ड्रायव्हरच्या मागची सीट होती. तिच्यावर टेप लावली आणि तोच आकडा धरला.

आता कापड. आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते खरं रेक्झिन नव्हे. रेक्झिन हे इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीचं नाव. कापडावर नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण चढवून, चामड्यासारखा ठसा उठवून ते बनवत. आगगाड्यांत, मोटारींत, पुस्तकांच्या बांधणीत ते गेलं आणि आपल्या भाषेत कायमचं राहिलं. त्याची जागा पीव्हीसीने घेतली. पीव्हीसी मुळात कडक; नळाचा पाइप पाहा. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी त्यात तेलकट रसायनं मुरवून ते मऊ करता येतं हे दाखवलं, आणि त्या एका शोधावर रेनकोटपासून सीटपर्यंत सगळं उभं राहिलं.

हे सांगायचं कारण असं की आपल्या सीट फाटतात त्या नेमक्या या तेलकट रसायनामुळे, म्हणजे ते निघून जाण्यामुळे. बदलापूरला एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बंद गाडीत, काचेखाली, त्याहून पुष्कळ जास्त तापतं. ते रसायन हळूहळू उडतं आणि समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला चिकट धुरकट थर होऊन बसतं. काच पुसताना फडक्याला लागणारा तो थर म्हणजे तुमच्या सीटचा आणि डॅशबोर्डचा मऊपणा. मऊपणा गेलेलं रेक्झिन पुन्हा पाइपासारखं कडक होतं आणि शिवणीपाशी चिरतं. त्याला तेल, पॉलिश, खोबरेल काहीही लावून तो मऊपणा परत येत नाही. गाडीवर पांढरं कापड घालणं हाच उपाय, आणि तो फुकट आहे.

दुकानात 'पीयू लेदर' नावाने दुसरा प्रकार दाखवतात. हाताला फार छान लागतो, खऱ्या चामड्याच्या जवळचा. मी तो घेतला नाही. पॉलियुरेथेनचा पातळ थर दमट हवेत पाण्याच्या रेणूंमुळे तुटत जातो. तीन-चार पावसाळ्यांनंतर सोफ्याचं कापड सालपटासारखं निघताना तुम्ही पाहिलं असेल, ते हेच. भारी प्रतीचं पीयू हे सोसतं, पण नुसतं बघून प्रत ओळखता येत नाही. पीव्हीसीला दमटपणाचा हा त्रास नाही. मागून कापडाचा अस्तर-थर आहे ना, तो विणलेला आहे की ताणणारा, हे पाहा. सपाट भागाला विणलेला चालतो. गोलाईला ताणणारा हवा.

आणखी एक चाचणी मी करतोच. गाडीच्या आतल्या सामानासाठी भारतीय मानक आहे, आयएस १५०६१. त्यानुसार आडव्या धरलेल्या पट्टीवर ज्योत मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा वेगाने सरकता कामा नये. नमुन्याची एक बोटभर रुंद पट्टी मोकळ्या जागेत, चिमट्यात धरून, शेजारी पाण्याची बादली ठेवून एका टोकाला पेटवा आणि घड्याळ बघा. धूर नाकात जाऊ देऊ नका. चांगलं पीव्हीसी ज्योत दूर केली की आपणच विझतं. भराभर जळत जाणारं कापड घरच्या स्टुलाला वापरा, गाडीला नको.

रेक्झिनचा पन्हा साधारण ५४ इंच असतो. किती मीटर लागेल याचा अंदाज कुणाला विचारू नका. जमिनीवर ५४ इंचांच्या दोन रेघा मारा, उसवलेले सगळे तुकडे त्यांच्यामध्ये बाण एकाच दिशेला ठेवून मांडा आणि लांबी मोजा. तुकडे थेट रेक्झिनवर ठेवून कापण्यापेक्षा आधी खाकी कागदावर उतरवून घ्या. जुनं कापड ताणलेलं असतं, म्हणून कागदावर शिवणीची रेघ जुन्या टाक्यांच्या भोकांवरून घ्यायची, आणि बाहेर अर्धा इंच सोडायचं. सैल होईल की घट्ट, अशी शंका आली तर घट्टच्या बाजूला जा. कव्हर फोमपेक्षा किंचित लहान असावं लागतं, तरच ते ताणून बसतं. डावा आणि उजवा तुकडा बेतताना कागद उलटा करायला मी विसरलो आणि दोन्ही डावेच कापले गेले. जवळजवळ अर्धा मीटर रेक्झिन गेलं. तेव्हापासून प्रत्येक कागदावर 'वरची बाजू' असं लिहितो.

शिवणीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. घरातल्या शिलाई मशीनवर १६ किंवा १८ नंबरची सुई लावली तर रेक्झिनचे दोन थर शिवता येतात. पण पायपिंग आली की चार थर होतात, आणि तिथे मशीन अडतं, टाके चुकतात. शिवाय रेक्झिन पायाखाली चिकटतं आणि वरचा थर मागे राहतो. मधे पातळ कागद ठेवून शिवला आणि नंतर फाडून काढला तर ते थोडं सुधारतं. खरं उत्तर म्हणजे ज्या मशीनचा पायही कापडाबरोबर पुढे सरकतो ते जाड कामाचं मशीन. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्यांकडे जाड कापड शिवणारी मशीन आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सराव आहे. जीन्सवर जी दुमडून दोन समांतर टाक्यांनी पक्की केलेली शिवण असते, तिची सख्खी बहीण म्हणजे सीटवरची वरून दिलेली शिवण. मी सपाट तुकडे घरी शिवले आणि पायपिंगच्या कडा एका कारागिराकडे बसून शिवून घेतल्या. त्याने माझे तुकडे उलटसुलट करून पाहिले, एका कोपऱ्यात तीन काप दिले आणि म्हणाला, "दादा, गोलाईला काप दिल्याशिवाय कापड वळत नाही." अशी गोष्ट शेजारी बसल्याशिवाय शिकता येत नाही.

टाका लांब ठेवा, चार मिलिमीटर, म्हणजे इंचात सहा. मजबुती यावी म्हणून लोक बारीक टाके घालतात आणि नेमकं उलटं होतं. रेक्झिनमध्ये सुईने पडलेलं भोक कधी बुजत नाही. जवळजवळ भोकं पडली की टपाल तिकिटाच्या कडेसारखी रेघ तयार होते आणि ताण आला की तिथूनच फाटतं. याच कारणाने टाचण्या वापरायच्या नाहीत. तुकडे धरायला कपडे वाळत घालायचे चिमटे उत्तम. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा. सुती दोरा घामाने आणि उन्हाने कुजतो.

कव्हर चढवायचा दिवस कडक उन्हाचा निवडा. कव्हर अर्धा तास गच्चीवर ठेवलं की ते मऊ पडतं आणि निम्म्या कष्टात बसतं. पावसाळ्यात केस वाळवायच्या यंत्रावर भागवावं लागतं. फोमवर आधी पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, म्हणजे कापड अडकत नाही, सरकतं. काम झालं की पिशवी ओढून काढा. आत राहिली तर बसताना चुरचुरते आणि हवाही अडते. सुरुवात मधल्या खाचेपासून. तिथे कापडाच्या शिवणीत तार ओवलेली असते आणि ती तार खालच्या तारेला कड्यांनी बांधतात. मग पुढची कड, मग मागची, मग बाजू, आणि कोपरे शेवटी. प्रत्येक वेळी एक इथे, एक समोर, असं खेचत जायचं. एका बाजूने सलग बांधत गेलं की सगळ्या चुण्या दुसऱ्या टोकाला गोळा होतात. जिथे चिकटवायचं आहे तिथे रबरी सोल्युशन दोन्ही पृष्ठभागांना लावून, हाताला कोरडं लागेपर्यंत थांबून, मग दाबायचं. ओलं असताना दाबलं तर ते आठवडाभर वास मारत राहतं. आणि हे काम खिडक्या उघड्या ठेवूनच करायचं.

माझी ड्रायव्हर सीट चौथ्या रविवारी पूर्ण झाली. एका कोपऱ्यात चुणी राहिली होती. ती पंधरा दिवसांत, बसून आणि ऊन लागून, आपोआप गेली. बोल्ट आधी चारही हाताने फिरवून बसवले, मग पान्याने आलटून-पालटून आवळले, आणि सीट मागे-पुढे सरकवून दोन्ही बाजूंचा खटका एकाच वेळी लागतो ना, हे पाहिलं. पाचशे किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा एकदा तपासायचे असतात, कारण नव्या रंगाचा थर दबतो आणि बोल्ट किंचित सैल पडतो. माझे दोन पडले होते.

खाकी कागदाचे नकाशे मी गुंडाळून माळ्यावर ठेवले. त्यावर गाडीचं मॉडेल, सीटची बाजू आणि कुठे अर्धा इंच सोडला ते लिहिलंय. मागच्या हिवाळ्यात अंबरनाथहून एक जण ते मागायला आले. त्यांची पद्मिनी माझ्या गाडीहून चार वर्षांनी मोठी. त्यांनाही मी आधी तेच विचारलं, सीट उघडली का?